पावाला नमस्कार

बायकोने आणि मी मिळून शेवटचं काय केलं, तर मुलाच्या अमेरिकेतल्या घरी खिडकीत बसून एका पावाला नमस्कार केला. समोरच्या जुन्या बेकरीच्या गच्चीवर निऑनच्या नळ्यांचा भलामोठा पाव आहे. तिन्हीसांजेला तो लाल-पिवळा पेटला की ही हात जोडायची.

"अगं, पाव आहे तो!"

"दिवा लागला ना? मग जोडा हात. वाद नको."

जोडले. त्याच आठवड्यात ही गेली.

तिच्यामागे देवापुढचं निरांजन मी लावलंच नाही. पुढे तो पावही गच्चीवरून उतरवला. म्हटलं, चला, हाही गेला भंगारात. सून म्हणाली, "नाही हो बाबा, दुरुस्तीला नेलाय. बेकरी कधीच बंद पडलीय, पण गावाला तो हवाय. लोकांनीच वर्गणी काढली."

काल संध्याकाळी तो परत लागला. रस्त्यात केवढी गर्दी! टाळ्या, शिट्ट्या, एक म्हातारी तर नाचलीच. मला हसू फुटलं. भट्टी थंड होऊन जमाना झाला, घासभर पाव कुणाला मिळायचा नाही, तरी माणसं दिवा विझू देत नाहीत. वेडी म्हणावीत, तर माझ्याहून शहाणी निघाली. माझे हात आपसूक जुळले.

आज सकाळी अर्ध्या लिंबाने हिचं निरांजन लखलखीत घासलं. वात वळायला बसलो, तर ती करंगळीएवढी जाड झाली. सून तोंड दाबून हसत होती. म्हटलं, "हस तू. संध्याकाळी पाव लागला की हेही लागेल."