जाऊबाईंना न झालेला मुलगा

नात विद्यापीठात मीडिया शिकायला लागली तेव्हा सगळ्यात जास्त हौस मलाच होती. मी शाळा पाहिलेली नाही, जे वाचायला येतं ते आपलं आपण शिकले. ती क्लासला गेली की तिची हिंदी पुस्तकं उघडून बसायची मी. एका पुस्तकात लिहिलं होतं की ज्याला फिल्ममध्ये दाखवायचं त्याला आधी नीट सांगावं, विचारावं. मला बाई पटलं ते. म्हटलं, चांगलं शिकवतात.

पुढच्या वर्षी तिला फिल्म करायची होती. माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्यातच राहतात, इथे हिंदी मुलखातल्या तीर्थाच्या गावी, नदीकाठी ब्रह्मा घाटावरच्या घरात. दीर गेले त्याला बरीच वर्षं झाली. रोज सकाळी दुर्गाघाटावर स्नान करून पायरीवर घटकाभर उन्हात बसायचं, ही त्यांची सवय. नात म्हणाली, "मोठी आजी, तुझ्यावरच करते." जाऊबाई खूष. इस्त्रीची साडी काढली, तर नात म्हणाली, "ती नको, जुनी नेस." हातातलं घड्याळही काढायला लावलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

फिल्म दाखवायची त्या दिवशी मी गेले. जाऊबाईंचे गुडघे धरले होते, त्या घरीच राहिल्या. पडद्यावर जाऊबाई एकट्या पायरीवर, पुढ्यात स्नानाचा गडू, तोही असा दाखवलेला की भीक मागायला ठेवलाय. त्या मराठीत सांगत होत्या की माझ्या नातसुनेला आमटी जमत नाही, गूळ घालायला हात आखडतो, चिंच मात्र मूठभर. आणि त्यांच्या आवाजावर माझ्या नातीचा आवाज, हिंदीत, रडवेला: "बेटा यहाँ छोड़ गया। तब से राह देख रही हूँ।"

ज्यांना मूलच झालं नाही त्यांना हिनं मुलगा दिला आणि पळवूनही लावला. नात सोडली तर त्या हॉलमध्ये मराठी कळणारी मी एकटी. सगळे टाळ्या वाजवत होते, पुढची एक मुलगी डोळे पुसत होती. मी पदर तोंडाशी धरला आणि उठले.

बाहेर तिच्या सरांना गाठलं, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलले. "सर, ही बाई माझी जाऊ आहे. घरात तीन भाज्यांना नावं ठेवून जेवते. मुलगा कुठला आणलात?"

ते हसले. "अरे माताजी, एक की कहानी नहीं है, सबकी है।"

"तो सबका मुँह दिखाइए ना. आमच्याच घरचं कशाला?"

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गेले.

आठ दिवसांनी नात घरी कागद घेऊन आली. फिल्म दुसऱ्या शहरात पाठवायची होती, त्यावर जाऊबाईंची सही लागत होती. जाऊबाईंना मी तोवर काही बोलले नव्हते, लाज वाटत होती. तेव्हा मात्र नातीसमोरच सांगितलं सगळं, आमटी आणि मुलगा.

जाऊबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे घाटावर आता लोक मला मुलानं टाकलेली म्हणणार?"

"मोठी आजी, फिल्म है सिर्फ. कोण ओळखतंय तुला?"

"मी ओळखते की. माझं बोलणं होतं तसं लाव. मग देते सही."

नात वैतागली. "आमटीचं लावू? मग त्यात राहिलं काय?"

हे ती त्यांच्या तोंडावर म्हणाली. लहानपणी ज्यांच्या ताटात जेवली त्यांच्या. जाऊबाईंनी कागदाची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि चष्मा पुसत बसल्या. सही दिली नाही. फिल्म गेली नाही.

पोरगी आता होस्टेलवर राहते, रविवारी येते, नीट बोलते, आम्हा दोघींना चहा करून देते. जाऊबाई पितात. मी अजून तिच्या हातचा घेत नाही.