मारबतीच्या वाटेतली गॅलरी

आमच्या गल्लीत फ्लॅटची पहिली इमारत उठणार असं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती घरातल्या घरात संडास कसा चालेल याची, आणि भांडण झालं ते गॅलरीवरून. संडासाची सवय लोकांना लवकरच झाली. गॅलरीची गोष्ट मात्र मला अजून सांगावीशी वाटते, कारण ती गॅलरी माझ्या सासऱ्यांची होती आणि तिच्यापायी माझा हॉल गेला.

नागपूरला महालातल्या त्या गल्लीत मी लग्न होऊन आले ती कन्हानहून. माहेरचं अंगण एवढं मोठं की आईने एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येत नसे; निदान तसं सांगून आम्ही बहिणी कामं चुकवायचो. सासरी दोन खोल्या. बैठं, कौलारू, भाड्याचं घर, एका रांगेत चार बिऱ्हाडं, मागे नळ आणि पुढे गल्लीला लागून ओटा. त्या ओट्यावर माझे सासरे बसायचे. सकाळी चहा घेऊन जे बसायचे ते जेवायलाच आत यायचे आणि हात धुऊन पुन्हा जाऊन बसायचे. कचेरीतून रिटायर झालेले, गुडघे धरलेले. गल्लीतून जाणारा माणूस 'राम राम काकाजी' म्हटल्याशिवाय पुढे जात नसे, आणि सासरेही त्याला 'काहून गा, आज लवकर?' असं विचारल्याशिवाय सोडत नसत. तोंड गल्लीकडे आणि पाठ घराकडे. मी त्यांना मामाजी म्हणायचे. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी मामाजींची पाठच जास्त पाहिली. चहाचा कप त्या पाठीमागून पुढे जायचा आणि रिकामा होऊन तिथूनच परत यायचा.

मग घरमालकांनी ठरवलं की हे सगळं पाडायचं आणि तीन मजली इमारत बांधायची. खाली दुकानं, वर फ्लॅट, आणि जुन्या भाडेकरूंचा मान पहिला. आम्हाला पहिल्या मजल्यावरचा गल्लीकडचा फ्लॅट येणार होता. रामदासपेठेत ऑफिस असलेले एक आर्किटेक्ट निळा नकाशा घेऊन आले आणि आमच्याच ओट्यावर तो पसरून बसले. मी पदर सावरत दारातून वाकून पाहिलं. बाकी रेघोट्यांत मला काही कळलं नाही, पण सगळ्यांत मोठ्या चौकोनात 'हॉल' असं लिहिलेलं वाचलं आणि माझा जीव तिथेच अडकला. सीताबर्डीवर एका दुकानात मी जेवणाचं टेबल पाहून ठेवलं होतं. नकाशातल्या त्या चौकोनात मी ते टेबल उभ्या उभ्या मांडूनही टाकलं. नवऱ्याला त्या दिवसांत भाजीत मीठ कमी आहे की जास्त, हे विचारायच्या आधी टेबल कुठल्या भिंतीला लावायचं हे मी विचारायचे.

मामाजींनी आर्किटेक्टना एकच विचारलं. "साहेब, वरून गल्ली दिसते का?"

"दिसते काय काकाजी, ही गॅलरी पाहा ना. भिंतीच्या बाहेर काढली आहे. गल्लीच्या डोक्यावरच बसाल तुम्ही."

मामाजींनी मान हलवली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "गॅलरी असली त मी वर चढतो. नाही त चाललो मी कुहीले." कुहीला त्यांचे धाकटे भाऊ धानाची शेती करायचे. हे बोलणं वरवरचं नव्हतं. गुडघ्यांमुळे एकदा वर चढलेला माणूस पुन्हा पुन्हा खाली उतरणार नव्हता, आणि गल्ली दिसली नाही तर त्या माणसाने दिवसभर करायचं काय? चार भिंतींकडे तोंड करून बसण्यापेक्षा त्यांना भावाची पडवी बरी वाटली असती. माझ्या नवऱ्याचा, म्हणजे यांचा, जीव खालीवर व्हायला लागला. बाप म्हातारपणी घर सोडून गेला, असं लोक म्हणणार ते वेगळंच, पण यांना बापाशिवाय करमलंही नसतं.

जुनी वस्ती म्हणून नकाशा मंजूर व्हायच्या आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती ऐकायच्या, जागा डोळ्यांनी पाहायची, असा नियम होता. तशी चिठ्ठी भिंतीवर लागली आणि हरकत आली ती गल्लीच्या बंद टोकाकडून. तिथल्या मोकळ्या पटांगणात आमच्या गल्लीची मारबत तयार व्हायची.

मारबत म्हणजे बांबू, कागद आणि कापडाची केलेली उंच बाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला खांद्यावर घेऊन गल्लीगल्लीतून मिरवतात, लोक घसा फोडून सांगतात की इडा पिडा, खोकला, रोगराई सगळं घेऊन जा गे मारबत, आणि शेवटी गावाबाहेर नेऊन तिला जाळतात. शहरातल्या नावाजलेल्या मारबती मोठ्या. आमची त्यांच्यापुढे लहान. पण आपलं लेकरू आपल्याला मोठंच. पटांगणातून बाहेर पडायला तिला वाट एकच, आमच्या दारावरून. आणि न्यायची ती उभीच. आडवी नेतात ती तिरडी, असं तिथली माणसं म्हणायची. तिचे दोन्ही हात पसरलेले असायचे. उजव्या हाताची बोटं समोरच्या घराच्या भिंतीला घासत जायची, आणि डावा हात आमच्या बैठ्या घराच्या, भिंतीपुढे ओट्यावर आलेल्या कौलांवरून अलगद निघून जायचा. घर बुटकं होतं तोवर कोणाला विचार करायची गरजच पडली नव्हती. आता त्याच डाव्या हाताच्या वाटेत मामाजींची गॅलरी येत होती.

त्यात आणखी एक पेच होता. तरुणपणापासून गुडघे जाईपर्यंत त्या मारबतीला खांदा दिला होता तो मामाजींनीच. पुढची जागा त्यांची. त्यामुळे हरकत लिहून तर दिली, पण हरकत घेणारेच तोंड लपवत फिरत होते. ओट्यासमोरून जाताना राम राम करायचे आणि पाय उचलायचे.

पाहणीच्या दिवशी नगररचनेच्या ऑफिसातून एक साहेब आले. त्यांच्यासाठी खुर्ची आणली, मी चहा केला. मिस्त्रीने गॅलरीची कड जिथे येणार तिथे बल्ल्या रोवून एक फळी बांधून ठेवली होती. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाद कशाला? मारबतीच्या हातांएवढा बांबू आणा आणि नेऊन दाखवा. गेला तर गेला, अडला तर अडला."

पटांगणातल्या गड्यांनी बांबू आणला. दोघे जण शिड्यांवर चढले, बांबू आडवा धरून फळीजवळ नेला. बांबू बिनबोभाट निघून गेला. कोणीतरी "जमलं ना साहेब, जमलं" म्हणालं, आणि सगळ्या गल्लीने श्वास सोडल्यासारखं झालं. हरकत घेणारेच सगळ्यांत जास्त खूष दिसत होते. मी दारामागे उभी होते. गॅलरीही राहिली, हॉलही राहिला, या आनंदात मी साहेबांना दुसरा चहा ठेवायला वळलेच होते.

"थांबा साहेब," मामाजी ओट्यावरून म्हणाले. साहेबांनी उघडलेलं पेन तसंच हातात राहिलं.

"ह्या बांबूनं समोरच्या भिंतीले हात नाही लावला."

मामाजींनी काठी उचलून समोरच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे वर, हात पोचणार नाही अशा उंचीवर, पिवळ्या रंगाच्या रेघा होत्या. दर वर्षी मारबतीची बोटं घासून उमटलेल्या. समोरचे लोक दिवाळीला घर रंगवायचे, पण तेवढा पट्टा सोडून द्यायचे.

"आमची मारबत दर साली तिथं बोटं लावून जाते. ह्यो बांबू कोणाचा आणला गा?"

बांबू धरलेल्यांपैकी एक जण शिडीवरूनच पुटपुटला, "काकाजी, तुमच्यासाठीच…"

"माह्यासाठी तिचे हात काहून कापता गा?" मामाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "खरा बांबू आणा."

खरा बांबू आणला. तो फळीला अडला. साहेबांनी आर्किटेक्टकडे पाहिलं, आर्किटेक्टनी मान खाली घातली, आणि नकाशातल्या गॅलरीवर लाल पेन्सिलीची फुली बसली. साहेब जाताना मामाजींना हात जोडून गेले. मामाजी म्हणाले, "काही हरकत नाही जी, खिडकी आहे."

मला इतका राग आला होता की भांडी जरा जोरातच आपटली गेली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. सगळी गल्ली डोळे मिटायला तयार असताना या माणसाने स्वतःहून उघडून दाखवले! पण भांडी आपटता आपटता मला त्यांचा अभिमानही वाटत होता, आणि तो कोणाला सांगता येत नसल्यामुळे आणखी राग येत होता. संध्याकाळी मामाजींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी काढून फडक्याने पुसली. यांनी विचारलं तर म्हणाले, "कुहीची हवा गुडघ्यायले बरी आहे."

दुसऱ्या दिवशी मी यांना न सांगता रिक्षा केली आणि रामदासपेठेत आर्किटेक्टच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. आयुष्यात मी तोवर कुठल्या ऑफिसात एकटी गेले नव्हते. नकाशा काढायला लावला आणि म्हटलं, "गॅलरी बाहेर नाही जात तर आत घ्या ना."

"आत म्हणजे?"

"भिंत आहे तिथेच राहू द्या, तिच्या आत गॅलरी करा. हॉलमधून कापा."

ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. "बाई, हॉल मग नावालाच राहील. सोफा, टेबल काही मावणार नाही. विचार करून सांगा."

"विचार करूनच आले आहे," मी म्हटलं. मी काही त्यागाची मूर्ती नव्हे. परत येताना रिक्षात ते टेबल आठवून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे खरं आहे. पण मामाजी कुहीला गेले असते तर यांचं उतरलेलं तोंड मला रोज पाहावं लागलं असतं, आणि गॅलरीशिवाय इथेच राहिले असते तर ते स्वयंपाकघराच्या दारात बसून माझ्या फोडणीवर देखरेख करत राहिले असते. दोन्हींपेक्षा टेबल गेलेलं परवडलं.

घरी येऊन मी यांना सांगितलं. मामाजी ओट्यावर होते, तोंड गल्लीकडे. त्यांनी मान न वळवताच विचारलं, "मंग तुह्यं टेबल कुठी ठेवशील वं?"

टेबलाबद्दल मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. पाठीला कान नसतात, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. मी म्हटलं, "पाटावर बसलं की जास्त जेवण जातं, मामाजी." पेटी पुन्हा पलंगाखाली गेली.

इमारत उभी राहीपर्यंत आम्ही पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहिलो. मामाजी रोज काठी टेकत यायचे आणि विटांच्या ढिगावर बसून बांधकाम बघायचे. मिस्त्रीला सल्ले देऊन देऊन त्यांनी त्याचं डोकं उठवलं. राहायला गेलो तेव्हा हॉलमध्ये एक दिवाण मावला आणि हॉल संपला. गॅलरी एका खुर्चीपुरती. मामाजी यांच्या खांद्यावर हात ठेवून एक एक पायरी चढले, खुर्चीत बसले, खाली पाहिलं आणि कोणालातरी हाक मारली, "काहून गा, आज लवकर?" खालचा माणूस आधी इकडेतिकडे पाहायला लागला, मग वर. माझा सगळा राग तिथेच संपला.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पटांगणाकडून ढोल वाजत होते. बैठ्या घरात असताना या दिवशी ओट्यावर पुरुषांची आणि पोरांची एवढी गर्दी व्हायची की आम्ही बायका आतून, त्यांच्या खांद्यांमधून जे दिसेल ते पाहायचो. पदर, कागदाच्या झालरी, कधी एखादा हात. सवयीने मी हॉलमध्ये दिवाणाजवळच उभी राहिले.

मारबत निघाली. गल्ली खालून ओरडत होती, घेऊन जा गे मारबत. दर वर्षी या ओरडण्यात मामाजींचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आज ते गप्प होते. खुर्चीवरून उठून दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. मारबत डुलत डुलत जवळ आली, उजव्या हाताची बोटं समोरच्या भिंतीला घासली, डावा हात आमच्या कठड्याच्या बाहेरून सरकत गेला, आणि तिचं पिवळं, रंगवलेलं, मोठ्या डोळ्यांचं तोंड अगदी मामाजींच्या तोंडासमोर आलं. खांदा देणाऱ्यांनी तिथे जरा थांबा घेतला. बहुतेक मुद्दामच.

"सारा जन्म हिले खांद्यावर नेलं," मामाजी म्हणाले. ते कोणाशी बोलत होते कळलं नाही. "मंग ओट्यावरून पाह्यलं, त पायच दिसले. सारी पीडा हिच्या अंगावर टाकली, अन् चालताना हिचं तोंड कधी पाह्यलं नाही."

मग ते मागे वळले. गल्ली खाली ओरडत होती आणि ते गल्लीकडे पाठ करून माझ्याकडे पाहत होते. "तिथं काहून उभी आहेस वं?" ते म्हणाले. "ये. अजून गेली नाही ती."

गॅलरी एका खुर्चीपुरतीच होती. मामाजींनी काठीने खुर्ची आत हॉलमध्ये ढकलली, भिंतीला अंग चोरून घेतलं, आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.