पर्समधला पेला

घराचं दार उघडलं की काकी सरळ स्वयंपाकघरात जायच्या. हॉल केवढा, बाल्कनीतून काय दिसतं, ते सगळं नंतर. आधी ओट्याजवळचा नळ सोडायचा, पर्समधून स्टीलचा पेला काढायचा, विसळायचा, भरायचा आणि घर बघायला आलेल्या माणसापुढे धरायचा.

"आदी पानी. मंग बाकी सगला."

माणूस गोंधळायचा. घर बघायला आलोय, पाणी प्यायला नाही, हे त्याच्या तोंडावर यायचं. पण काकींचा हात हलायचा नाही. तो प्यायला की तोच पेला त्याच नळाखाली पुन्हा भरायचा आणि घरमालकापुढे धरायचा. शेवटी उरलेलं स्वतः प्यायच्या. मग पेला पदराला पुसून पर्समध्ये. "हां, आथा हॉल बगा."

काकी घरांच्या एजंट. तुमच्याही ओळखीत एखादा एजंट असेलच. तो आधी काय दाखवतो, आठवा जरा. लिफ्ट, चकचकीत ओटा आणि समोरच्या डोंगराचा तुकडा. तो तुकडा पुढच्या टॉवरमागे जाणार हे त्याला माहीत असतं. तरी दाखवतो.

काकींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मी एकटीच तयार होते.

कल्याणजवळच्या मोहने गावात आमची चाळ पाडायला काढलेली. मालकाने सगळ्यांना खोल्या खाली करायला सांगितलेल्या. आई अंगणवाडीत मदतनीस, मी कॉलेज संपवून चळवळीत. आम्ही दोघी भाड्याने घर शोधत होतो. फोनवर सगळं जमायचं, बघायला जायची वेळ ठरायची. मग आडनाव विचारलं जायचं आणि घर "कालच गेलेलं" असायचं. आम्ही बौद्ध आहोत. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला आडून आडून मूळ गाव विचारायला नको.

त्या रागात मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'दलालांनो, घरं दाखवता की जात तपासता?' ते मोहन्याच्या रस्त्यावरच्या एकेका एजंटच्या टेबलावर आपटत निघाले. काकींच्या दुकानात दोन खुर्च्या, एक पंखा आणि भिंतीवर भातशेताचा फोटो. शेत दिरांनी विकलं, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, काकींच्या वाट्याला तळमजल्याचा हा गाळा आला. पुढे काकींनी मला हे अगदी सहज सांगितलं, जसं कुणी सासरचं नाव सांगावं.

काकींनी चष्मा लावला आणि पत्रक माझ्यासमोरच मोठ्याने वाचून काढलं, योग्य तिथे आवाज चढवून.

"'रक्तपिपासू दलाल.' म्हंजे मीच ना गो?"

"हो."

"बरा लिवलंस. जोर हाय. माझेसाठी लिवशील का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. छोट्या एजंटांनी ऑनलाइन धंदा कसा वाढवावा, असा एक फुकटचा क्लास त्यांनी मोबाईलवर बघितला होता आणि त्यातलं एक वाक्य त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं: जे आपल्याला येतं ते आपण करावं, बाकीचं बाहेर द्यावं. त्याप्रमाणे त्यांनी सगळं बाहेर देऊन टाकलं. फोटो भाच्याला. येणारे फोन आणि व्हिडिओ सजवायचं काम ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका मार्केटिंगच्या ऑफिसला. लिखाण आणि मोबाईलवर व्हिडिओ काढणं मला, म्हणजे शत्रुपक्षाला.

"आणि काकी, तुम्ही काय करणार?"

"मी पानी पाजनार."

मी जन्मात पत्रकांशिवाय काही लिहिलं नव्हतं. त्यामुळे काकींच्या पेजवर माझी पहिली जाहिरात अशी गेली: 'कष्टकरी बंधू-भगिनींनो, किती दिवस गळक्या छपराखाली राहणार? वन बीएचके, तिसरा मजला. एकजुटीने बघायला या!' आणि खरंच एक अख्खं खानदान एकजुटीने आलं, आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत. काकींनी सगळ्यांना पाणी पाजलं. पाजता पाजता टाकी संपली. "एवढी जोरात नको लिवू गो," एवढंच म्हणाल्या.

जाहिरातीची शेवटची ओळ मात्र दरवेळी काकी सांगायच्या. 'पाणी सकाळी तासभर येतं, दुपारी नाही.' 'पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल धरते.' मी म्हणायचे, काकी, अशाने कोण येणार? तरी लोक यायचे. एकजण म्हणाला, पहिल्यांदाच कुणीतरी ओल धरते असं लिहिलंय, म्हणून आलो.

वागळे इस्टेटमधल्या तरुण साहेबाला यातलं काहीच पसंत नव्हतं. "मॅडम, पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडायचा असतो. नळ दाखवून कोण पकडलं जातं?" त्याने व्हिडिओतून पेला कापला आणि आकाशातून घेतलेलं इमारतीचं दृश्य घातलं, मागे गिटार. काकींनी ते दोनदा बघितलं.

"यात घर कुठं हाय? हा त पाखरांना दावलाय."

तोवर मला वाटायचं, पेला म्हणजे पाण्याची तपासणी. कल्याण-डोंबिवलीत नवा नळ सोडला की आधी फक्त हवा येते, हे आपल्याला ठाऊक आहे. घर घेणाऱ्याने पाणी चाखावं, यात नवल काय?

मग एके दुपारी एक नर्सबाई दुकानात आल्या, तावातावाने. "तुमच्या ऑफिसातली मुलगी फोन उचलून पहिला प्रश्न काय विचारते, माहितीय? कम्युनिटी कोणती! म्हणे, रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

काकींनी खुर्ची पुढे सरकवली. त्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन वागळे इस्टेट गाठलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली लेथ मशीनचा खडखडाट. साहेबाने एसी वाढवला, बिस्किटं मागवली.

"तो रकाना कोनी घातला?"

"मॅडम, तो सगळ्यांना असतो. घरमालकांनाच हवं असतं ना. उगाच नको त्या माणसाला घर दाखवायचं, नंतर नाही म्हणायचं… तुमचाच वेळ वाचतो."

"मी वेळ वाचवाला सांगितलेला?"

"तसं नाही, पण सिस्टीमच अशी आहे."

"मंग शिस्टम तुमचेकडं ठेवा. माझा नंबर मना परत द्या."

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे कलमं होती, घोषणा होत्या. काकींनी बिस्कीट माझ्या हातात कोंबलं आणि मला बाहेर काढलं. जिन्यात थांबून म्हणाल्या, "बाय, लिवना बाहेर देता येतं. फोटो बाहेर देता येतात. दारात कोन आलाय, ते बगाचं काम बाहेर नाय द्यायचा."

त्या दिवसापासून फोन पुन्हा काकीच उचलायला लागल्या. "बोला. घर पायजे? किती मानसं? पानी किती लागतं?" एवढे तीन प्रश्न.

इकडे चाळ रिकामी होत चालली होती. लोक जाताना दारं-खिडक्यासुद्धा काढून नेत होते. काकींकडे ज्यांची सगळ्यात जास्त घरं होती ते एक निवृत्त गृहस्थ होते, डोंबिवलीचे. बोलणं शुद्ध, वागणं मृदू. त्यांच्या घरांवरच काकींचं दुकान चालत होतं, म्हणा ना. त्यांचा एक फ्लॅट रिकामा झाला. काकी आम्हाला घेऊन गेल्या. आईने ठेवणीतली साडी नेसलेली.

"गाव कोणतं आपलं?" त्यांनी आईला विचारलं.

"मोहने."

"नाही, मूळ गाव?"

आईने सांगितलं.

"आणि आडनाव काय म्हणालात?"

आई म्हणालीच नव्हती. आता म्हणाली.

"अस्सं, अस्सं. आमचं तसं काही नाही हो, आम्ही असलं मानत नाही. पण सोसायटीतली मंडळी…"

काकी नळापाशी होत्या. पेला भरून त्यांनी आईला दिला. आई वरून प्यायली, ओठ न लावता. तिची लहानपणापासूनची सवय. काकींनी पेला पुन्हा भरला आणि गृहस्थांपुढे धरला.

"नको. डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद सांगितलंय."

"बाहेरचं कुठं, भाऊ? तुमचेच घरचा हाय."

"ठेवा ओट्यावर. घेतो नंतर."

आता ऐका. या गृहस्थांना याच पेल्यातून पाणी पिताना मी स्वतः व्हिडिओत टिपलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा. दर भाडेकरूमागे. डॉक्टर त्यांना आजच भेटले होते.

काकींनी हात तसाच ठेवला. मग पाणी बेसिनमध्ये ओतलं, पेला पुसला, पर्समध्ये टाकला. "चला बाय," आईला म्हणाल्या. आणि दारातून वळून त्यांना, "भाऊ, तुमच्या सगल्या घरांच्या चाव्या उद्या धाडते."

गेटच्या बाहेर येऊन मी मोबाईल काढला. "काकी, व्हिडिओ आहेत माझ्याकडे. टाकते पेजवर, नावानिशी."

"नको."

"का नको? घाबरता त्यांना?"

"तुजे आयसला घर पायजे, का याची फजिती पायजे?"

"दोन्ही."

काकी भर रस्त्यात हसायला लागल्या. आईसुद्धा. "आदी घर," काकी म्हणाल्या. मी व्हिडिओ टाकला नाही. पण माझं मत आजही दोन्ही असंच आहे.

चाव्या खरंच गेल्या. पेजवर चार-दोन घरं उरली. दुपारी पंख्याखाली काकी नुसत्या बसलेल्या दिसायच्या. आई एकदा म्हणाली, आमच्यापायी तुमचं नुकसान झालं. तर म्हणाल्या, "तुमच्यापायी कनचा? पेल्यापायी." आणि पुन्हा फोनला लागल्या. चाळीवर जेसीबी यायच्या आधी त्यांनी आम्हाला घर मिळवून दिलं. मी हे त्याच घरात बसून लिहितेय.

काकी आता नाहीत. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आल्या नाहीत. गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. पेज अजून माझ्याकडेच आहे. कुणी ना कुणी विचारतं, फ्लॅट आहे का? मी लिहिते, काकी वारल्या. एकाने उलट विचारलं, "पेलावाल्या काकी? अरे देवा. पेला कुणाकडे आहे?"

मी त्यांच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, पर्समधलं सामान काढताना मांडणीवर ठेवला, बाकीच्या पेल्यांत. आता कुठला तो, तिलाही ओळखता येत नाही. म्हणजे रोज त्यातून कुणीतरी पाणी पितंय. बरंच आहे.

एक व्हिडिओ मात्र मी पेजवर टाकलेला नाही. या घरातला, आम्ही बघायला आलो त्या दिवसाचा. नळ खोकतोय, नुसती हवा. काकी पेला खाली धरून उभ्या. मागे आई, आणि दाराला टेकून घरमालकीण, बाजारातून मासळी विकून थेट आलेली, रिकामी पाटी पायाशी. काकी माझ्याकडे बघून हसतात. "थांब गो, येल पानी." आणि तिथेच माझ्या मोबाईलची जागा संपली. व्हिडिओ तुटला.

पुढचं कुणाकडेच नाही, म्हणून लिहून ठेवते. पाणी आलं. पहिला पेला आईला दिला. आईने सवयीने मान मागे टाकली, पेला वर उचलला. काकींनी तिचं मनगट धरून हात खाली आणला. "वरनं नको, बाय. तोंड लावून पी."

आई तोंड लावून प्यायली. काकींनी पेला विसळला नाही, तसाच भरला आणि मालकिणीला दिला. तिने एका दमात संपवला, ओठ पुसले आणि पेला पुन्हा पुढे केला. "आजून दे. ऊन लय हाय."

काकींनी तिला आणखी एक भरून दिला. तळाशी उरलेलं स्वतः प्यायल्या, आणि नळ घट्ट बंद केला.