पुरं केलेलं देऊळ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. रोह्याला माझं फ्रेमचं दुकान होतं. पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारा एक रंगारी हंगाम संपला की माझ्यासाठी जुन्या रोमच्या पडक्या देवळांची नामांकित चित्रं बघून हातानं नकला करायचा. ब्रश धरण्याआधी चप्पल काढायचा. बोलायचा कमी, पण वाक्याच्या शेवटी 'काय?' हमखास.

एकदा त्यानं मोडके खांब, पडलेलं छप्पर सगळं दुरुस्त करून देऊळ अखंड रंगवून आणलं.

"अरे, हे काय केलंस?"

"शेठ, खंडित देऊळ कोण घरात लावतं व्हय? पुरं केलं, काय?"

समोर गिऱ्हाईक होतं. मी हसलो, त्यालाही हसवलं आणि रंगाऱ्याच्या देखत ब्रश घेऊन खांब पुन्हा मोडके केले. विसर्जनाआधी मूर्तीला जोडतात तसे त्यानं चित्राला हात जोडले आणि तो गेला. माझ्याकडे परत कधी आला नाही.

परवा मीच पेणला गेलो. तो डोळे आखत होता.

"बसा शेठ, चाय घ्या."

'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. चहा संपवला, "यंदा मूर्ती छान झाल्यात" म्हणालो आणि उठलो.