रस्त्याच्या मधली पिवळी पट्टी

फोनवर एक खेळ आहे. तो तुम्हाला जगातल्या कुठल्यातरी रस्त्यावर नेऊन उभं करतो. गावाचं नाव नाही, काही नाही. नुसता रस्त्याचा फोटो. बोटानं फिरवत चारी बाजूंनी बघायचं आणि देश कोणता ते सांगायचं. मी औरादच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवतो, पन्नाशी ओलांडलीय, आणि या खेळानं मला पार येडं केलंय. बायको म्हणते, "घरातली साखर संपलेली दिसंना झालीय ह्या माणसाला, आन आफ्रिकेतले खांब बरे दिसायलेत!"

सुरुवातीला लाल माती दिसली की आपलं बीदरच समजून मी बेधडक भारत म्हणायचो. निघायचं युगांडा. गोल अक्षरं दिसली की आधी कानडी लावून बघायचो, मग तेलगू. दोन्ही लागलं नाही की श्रीलंका. आम्ही महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणाच्या सीमेवरची माणसं. दुकानांच्या पाट्यांवरचं अक्षर बदललं की राज्य बदललं, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीच कळतं. त्यामुळं माझा हात लवकर बसला. गाडी कुठल्या बाजूनं चाललीय, विजेचा खांब लाकडी की सिमेंटचा, रस्त्याच्या कडेला रोवलेल्या खुंटावर पट्टा कोणत्या रंगाचा, सगळं बघायला लागलो. लग्नाकार्यात लोक फोन हातात देऊन माझी परीक्षा घ्यायचे आणि मी चहा पिता पिता "उरुग्वे" म्हणून टाकायचो. लोक "अरे बाप रे" म्हणायचे, माझी कॉलर ताठ व्हायची.

माझी थोरली बहीण मुडबीला दिलीय. तिची मुलगी, माझी भाची, शाळेत शिकवते. मागच्या वर्षी तिला भालकीकडचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, ऑस्ट्रेलियात नोकरीला. दोघं फोनवर दोन-चारदा बोलले होते. भाचीला पसंत होता. तोंडानं ती कधी बोलली नाही, पण फोन वाजला की पोरगी उठून माळवदावर जायची, आणि अक्का माझ्याकडं बघून हसायची.

बोलणी पक्की करायच्या आधी दाजींनी मला बोलावून घेतलं. परदेशातल्या पोरांचं काय काय ऐकून त्यांच्या मनात धाकधूक होती. त्यांनी मुलाकडून आलेला फोटो माझ्यापुढं धरला. "तू जगातले रस्ते वळखतोस म्हणं. बघ बरं, हे आस्ट्रेलियाच हाय न्हवं?"

मुलगा निळ्या गाडीला टेकून उभा होता. मागं हिरव्या टेकड्या, मेंढ्या, वळणाचा रस्ता. मी फोटो मोठा केला. रस्त्याच्या मधोमध पिवळी पट्टी होती. ऑस्ट्रेलियात ती पांढरी असते. कडेचा खुंट बघितला, तोही तिथला नव्हता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आजवर खेळात नुसते गुण मिळत होते, आज पहिल्यांदा घरच्यांच्या उपयोगाला आलो होतो.

"दाजी, हे ऑस्ट्रेलिया न्हाई," मी म्हणालो. "हे न्यूझीलंड हाय. शंभर टक्के."

"म्हंजे पोरगं खोटं बोलायलंय?"

इथं मी म्हणायला हवं होतं की माणूस फिरायला जातो, एकदा विचारून बघा. मी तसं म्हणालो नाही. मी म्हणालो, "आता तुमीच बघा."

दाजींनी त्याच संध्याकाळी भालकीला कळवलं की पत्रिका जुळंना. आमच्याकडं नकार द्यायचा तो पत्रिकेच्या आडूनच. खरं कारण तोंडावर सांगितलं तर समोरच्याचा अपमान होतो, उद्या कुठल्या लग्नात गाठ पडली तर एका पंगतीला बसायची पंचाईत. ऐकणाराही पुढं विचारत नाही, "बरं, योग नव्हता" म्हणून फोन ठेवतो. रीत चांगलीच आहे, पण त्या मुलाला आपल्यावर काय आळ आलाय हे कळलंच नाही. कळलंच नाही तर तो खुलासा काय करणार?

या उन्हाळ्यात एका लग्नात त्याचा चुलता माझ्या शेजारी जेवायला बसला. भला माणूस. "सर, तुमच्या भाचीचा योग नव्हता बघा. आमचं पोरगं लई नाराज झालं. सुट्टीत न्यूझीलंड फिरून आलं होतं, तिथला फोटो झ्याक आलाय म्हणून आमी तोच दिलता तुमाला. आता उदगीरची पोरगी ठरलीय. पुढल्या महिन्यात लग्न हाय, यायचं बरं का!"

मी व्हय व्हय म्हणालो आणि ताटावरून उठलो. माझी मलाच इतकी लाज कधी वाटली नव्हती. रस्ता मी बरोबर ओळखला होता, त्यात तसूभर चूक नव्हती, आणि तेवढ्या जोरावर एका सरळ पोराला लबाड ठरवून बसलो होतो. खेळ फोनवरून काढून टाकला. आठ दिवसांत परत घेतला, तेही सांगतो. तेवढाही निग्रह माझ्यात नाही.

शेवटी मुडबीला गेलो. अक्का-दाजी शेतात होते. भाची ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पत्रिकेचं कारण खोटं होतं, मुलगा खरा होता, फोटो सुट्टीतला होता, चूक माझी. ती सुपातून नजर न उचलता ऐकत होती.

"मला म्हाईत होतं, मामा," ती म्हणाली. "फोटो दिला त्याच दिवशी त्यानं फोनवर सांगितलं होतं. न्यूझीलंडला फिरायला गेलतो, तिथला हाय म्हणून."

"मग बोलली कामून न्हाईस?" मी जवळजवळ ओरडलोच. "अगं, एक शब्द बोलली असतीस तर!"

"बोलले की." आता तिनं माझ्याकडं बघितलं. "तवाच बोलले. तुमच्या बाजूलाच हुबी होते. मामा, त्यो फोटो, म्हणलं, तर तुमी मान बी वर केली न्हाई. थांब गं जरा, मला नीट बघू दे, म्हणलात. मग आई म्हणली, मामा बघायलाय न्हवं, तू गप बस. आन सांजच्याला बाबांनी भालकीला कळवून बी टाकलं."

मी आठवून बघितलं. अजूनही बघतो. त्या गाडीचा निळा रंग, डाव्या हाताच्या मेंढ्या, वळणावरचा खुंट, सगळं माझ्यासमोर आहे. ती त्या खोलीत होती, हेच मला आठवत नाही.