लाइनची चावी माझ्याकडे

त्या इंजिनिअरला मी तीन वर्षं विसरलो नव्हतो. बारामती-इंदापूर रस्त्यावर दुधाची पावडर करणारा एक खाजगी कारखाना होता, त्याच्या कंट्रोल रूममध्ये मी कामाला होतो. मशिन बसवलं होतं पुण्याच्या एका कंपनीनं आणि हा त्या कंपनीचा माणूस. उंच मनोऱ्यात वरून दुधाचे तुषार पडायचे, आत गरम हवा फिरायची, खाली पावडर जमा व्हायची. हवा किती गरम ठेवायची, पंप किती वेळ चालवायचा हे सगळं एका लोखंडी कपाटातला कंट्रोलर ठरवायचा. त्याचा प्रोग्रॅम कुलूपबंद, पासवर्ड एकट्या इंजिनिअरकडे. पुढच्या बटणांवरून तापमान, टायमर असे चार-दोन आकडे तेवढे आम्हाला बदलता यायचे.

एकदा सलग दोन दिवस पावडर ओलसर आली, तिचे गोळे झाले. इंजिनिअर आला, लॅपटॉप जोडला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "पंपाचा टायमर कुणीतरी बदललाय. ड्यूटी कुणाची होती?"

ड्यूटी माझी होती. पण टायमर त्यानंच बदलला होता, आदल्या आठवड्यात, माझ्यासमोर. काहीतरी तपासायला म्हणून आकडा वाढवला आणि परत ठेवायचा विसरला. मी तसं सांगितलं. मॅनेजर होते, सहा-सात ऑपरेटर होते. तो हसला आणि म्हणाला, "मेंढरं वळणाऱ्यांच्या हातात मशिन दिलं की असंच व्हायचं."

माझ्या वडिलांनी, आबांनी, मेंढरं राखली होती. मी दहावीला असताना त्यांनी कळप विकला आणि वडगाव निंबाळकरला शेती धरली. हे मीच त्याला चहा पिताना सांगितलं होतं, तो बरा माणूस वाटला म्हणून. ते त्यानं असं वापरलं. दोघं-तिघं हसले. मॅनेजर खाली फरशीकडं बघत राहिले.

माझी बदली पंपहाऊसला झाली. आठ महिने मी विहिरीवरच्या मोटरी चालू-बंद केल्या. घरी आबांना म्हणालो, काम वाढलंय म्हणून तिकडं टाकलंय. तिथं बसून मी कंट्रोलरची इंग्रजी पुस्तकं वाचली, शब्द अडला की डिक्शनरी बघून. शिकायची हौस होती असं मी पुढं लोकांना सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. त्या माणसाला एकदा तरी सगळ्यांसमोर पकडायचं होतं.

कंट्रोल रूममधला एक जण नोकरी सोडून गेला तेव्हा मला परत आणलं. मग कारखान्यानं दुसरा मनोरा घेतला, त्याच कंपनीचा. मॅनेजरांनी मला बोलावून घेतलं.

"दर वेळी पुण्याहून माणूस यायचा म्हणजे अख्खा दिवस जातो," ते म्हणाले. "आता म्हणे टेलिफोनवरून मशिन बघता येतं. त्यातलं कुठलं घ्यायचं ते तू बघ. तू वाचतोस ते मला माहीत आहे."

तेव्हा इंटरनेट आमच्याकडं आलं नव्हतं. टेलिफोनच्या तारेला मोडेम नावाचा डबा जोडायचा, पुण्याच्या संगणकानं त्याला फोन लावायचा, की तिथला माणूस आमच्या कंट्रोलरमध्ये शिरला. इंजिनिअरच्या कंपनीनं आपलाच मोडेम सुचवला होता. तो चोवीस तास चालू राहणार, आपोआप फोन उचलणार, पासवर्ड त्यांच्याकडे. सोपं होतं आणि मॅनेजरांना ते आवडलंही होतं. मी पंधरा दिवस मागितले. बारामतीच्या टेलिफोन ऑफिसात जाऊन लाइनची खरखर तपासून घेतली, दोन विक्रेत्यांना बोलावलं, आणि दुसरीच व्यवस्था लिहून दिली. आमचा मोडेम फोन आला की तो तोडणार आणि ठरवून दिलेल्या पुण्याच्या एकाच नंबरला स्वतः उलट फोन लावणार. मोडेमची वीज एका चावीवर, आणि चावी कंट्रोल रूममध्ये. शिवाय कंट्रोल रूममधल्या संगणकाला प्रिंटर. कुठलाही आकडा बदलला की कुठल्या मनोऱ्याचा, किती वाजता आणि त्या वेळी लाइन जोडलेली होती का, याची ओळ कागदावर छापली जाणार.

"एवढं कशाला?" मॅनेजरांनी विचारलं.

"साहेब, बाहेरचा माणूस आपल्या मशिनला हात लावणार. कधी लावला ते आपल्याला कळलं पाहिजे."

माझं म्हणणं बरोबरच होतं. आजही मी तीच व्यवस्था निवडेन. पण प्रिंटरचा मुद्दा लिहिताना मला कारखाना दिसत नव्हता, त्याचा हसरा चेहरा दिसत होता.

व्यवस्था सुरू झाली आणि माझे मजेचे दिवस आले. इंजिनिअर फोन करायचा, "लाइन जोडा." मी म्हणायचो, "रजिस्टरला लिहावं लागतं. नाव सांगा. कारण सांगा." तो रोज तेच नाव सांगायचा आणि मी रोज सावकाश लिहायचो. कधी कधी पेन शोधायला वेळ लावायचो. शेजारी तात्या बसलेले असायचे. ते कोऱ्हाळ्याचे, आमच्यातले सर्वांत जुने ऑपरेटर, मला काम शिकवणारे. ते म्हणायचे, "आरं, किती ताटकळत ठिवशील?"

"मला आठ म्हयने ठिवलं हुतं, तात्या."

एका दुपारी त्यानं नव्या मनोऱ्याचं तापमान जमवायला लाइन मागितली. मी चावी फिरवून ती जोडून दिली. थोड्या वेळानं प्रिंटर खरखरला. ओळ मी दोनदा वाचली. त्यानं आकडा बदलला होता, पण जुन्या मनोऱ्याचा. बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान पंधरा अंशांनी वाढवून ठेवलं होतं. मनोरा चुकला होता.

चावी माझ्या हाताजवळ होती. लाइन तोडून बटणावरून आकडा परत आणायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

मी काही केलं नाही. लगेच दुरुस्त केलं तर तो "चुकून झालं" म्हणेल, हसेल, विषय संपेल. मला जळलेली पावडर हवी होती. मी घड्याळाकडं बघत वीस मिनिटं बसून राहिलो. तोवर त्यानं लाइन सोडली होती. खाली पावडर बघायला गेलेल्या तात्यांचा आवाज आला, पावडर तांबूस येतेय, वास मारतोय. मग मी उठलो, आकडा जाग्यावर आणला आणि मॅनेजरांना बोलावलं.

त्यांनी इंजिनिअरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो म्हणाला, "तुमच्याच माणसानं काहीतरी दाबलं असणार. असं सगळीकडं होतं."

मी प्रिंटरचा कागद फाडून मॅनेजरांपुढं ठेवला. त्यांनी वेळ वाचली, आकडा वाचला, लाइन जोडलेली होती हेही वाचलं, मोठ्यानं.

तीन दिवसांनी तो स्वतः आला. मी अट घातली होती आणि मॅनेजरांनी ती मान्य केली होती, की चूक त्यानं रजिस्टरमध्ये लिहून सही करायची, सगळ्या ऑपरेटरांसमोर. कंट्रोल रूमबाहेरच्या बाकड्यावर मी त्याला तासभर बसवून ठेवलं. मग आत घेतलं. सगळे उभे होते. त्यानं लिहिलं, सही केली. मला फार बरं वाटलं, ते मी लपवणार नाही.

सही झाल्यावर मी विचारलं, "मेंढरं वळणाऱ्याचं आठवतंय का?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं. "कुठलं?"

"पंपाचा टायमर. तीन वर्षांपूर्वी."

त्यानं खरंच आठवायचा प्रयत्न केला, कपाळावर आठ्या घालून. "तुम्ही तेव्हा इथंच होता का?" त्यानं विचारलं. त्याला मी आठवत नव्हतो. तो नाटक करत असता तर मला कळलं असतं.

पुढं त्याच्या कंपनीनं त्याला फिरतीवरून काढून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. मला कंट्रोल रूमचा प्रमुख केलं. आबांनी पेढे वाटले.

सहीच्या दिवशी सगळे पांगल्यावर तात्या मागं राहिले होते. प्रिंटरचा कागद त्यांच्या हातात होता. ओळ किती वाजता छापली आणि मी मॅनेजरांना किती वाजता बोलावलं, हे त्यांनी मनाशी जुळवलं होतं.

"तू बघितलंवतंस, व्हय ना?" ते म्हणाले.

मी रजिस्टर मिटलं.

"पावडर तापली की पेटती, तुला ठावं हाय. मी खाली हुतो."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वीस मिनिटं मी घड्याळ बघत होतो आणि मनोऱ्याच्या तोंडाशी तात्या उभे आहेत हे मला एकदाही सुचलं नाही.

"चुकलं, तात्या," मी म्हणालो.

"मॅनेजरला सांगनार न्हाय मी," ते म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी टेबलावर ठेवली आणि डबा उचलून बाहेर गेले. रिटायर होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतं नीट बोलत राहिले, पण खाली मनोऱ्यापाशी जायच्या आधी ते दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी कंट्रोल रूममध्ये बसवून जायचे.