दरवर्षीचे तेच प्रश्न

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, बोईसर परिसरातल्या समस्त वृद्धांची स्मरणशक्ती गेली चौदा वर्षे एकाच माणसाच्या खांद्यावर उभी असून तो माणूस माझा सख्खा साडू आहे.

मुंबईच्या कुठल्याशा संशोधन केंद्राने साडूंना इकडे धाडलं, त्याच सुमारास मी इथल्या कारखान्यात लागलो. म्हातारपणी काहींची आठवण पुसली जाते, काहींची खणखणीत राहते, ती कशामुळे? तंबाखू, रक्तदाब, बहिरेपण, एकटेपणा, की शाळा न शिकणं? हे शोधायला त्याच माणसांना दरवर्षी तेच प्रश्न विचारायचे. "निष्कर्ष कधी?" मी एकदा विचारलं. "आणखी वीसेक वर्षांनी," साडू म्हणाले आणि त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. तोवर उत्तरं देणारे नसतील, विचारणाराही बहुधा नसेल, हे मी बोललो नाही. त्यांनी ते केव्हाच ओळखलं असावं, कारण बिस्किट तुटून चहात पडलं तरी ते नुसते बघत बसले.

उत्तर बरोबर की चूक ते चेहऱ्यावरून कळू द्यायचं नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. तो चेहरा त्यांनी आरशासमोर इतका घोटला की घरीही उतरेना. मेहुणी पापलेटाचं कालवण वाढून "कसं झालंय?" विचारायची आणि समोर दगड. "ह्यांच्यापेक्षा देव बरा, निदान कौल तरी देतो," ती म्हणायची. पालघरच्या एका लग्नात तर त्यांनी हातात अक्षता असताना नवऱ्यामुलाच्या आजोबांना "आज वार कोणता?" विचारलं. आजोबा चुकले. मुलीकडच्यांत कुजबुज सुरू झाली आणि पंगत उठेपर्यंत मी साडूंना बिछायतीच्या ढिगामागे बसवून ठेवलं.

मासवणकडच्या एका पाड्यावर त्यांनी एका म्हाताऱ्याला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: विळा, चंद्र, टोपली. पाच मिनिटांनी विचारलं, "कोणते शब्द सांगितले होते मी?" म्हातारा कळवळला. "तूच बोललास ना आत्ता? एवढ्यात इसरलास? एकटा नको फिरू बाबा." आणि तो साडूंना एस.टी.च्या थांब्यापर्यंत हाताला धरून सोडायला आला.

मी हे रंगवून सांगतो खरा, पण अलीकडे साडू थकले होते. यादी दरवर्षी आखूड व्हायची. कोणी वारलं, कोणी कामासाठी गेलं ते परतलंच नाही. शिवाय कोणी दोन वर्षं लागोपाठ उत्तरांत चुकलं, तर त्याचा कागद मुंबईला पाठवून भेटी कायमच्या बंद करायच्या, असाही नियम होता.

तारापूरजवळच्या कोळीवाड्यातल्या एक आजी यादीत अगदी पहिल्या. त्या उलट साडूंनाच झापायच्या, "या वर्साला उशीर केलास." पण गेल्या वर्षी त्या पहिल्यांदाच चुकल्या. यंदा चुकल्या की संपलं. साडू तीन आठवडे तिकडे जायचं टाळत राहिले. शेवटी मीच पहिली पाळी संपवून, आंबलेल्या अंगाने, त्यांना स्कूटरवर मागे बसवलं.

दारात बोंबील वाळत होते. आजींनी साडूंकडे बराच वेळ पाहिलं. "कोनाचा रे तू?"

साडूंनी वार विचारला. आजींच्या मागे उभी असलेली सून नुसते ओठ हलवून "मंगळवार, मंगळवार" करू लागली, पण आजींना पाठीमागचं कसं दिसणार? त्या गोड हसल्या. साडूंनी तीन शब्द सांगितले, पाच मिनिटं थांबले, पुन्हा विचारलं. आजी पुन्हा हसल्या. साडूंचा चेहरा हलला नाही. फक्त पेनाचं टोपण काही केल्या निघेना. मी समुद्राकडे बघत राहिलो.

शेवटी टोपण निघालं. त्यांनी कागद मांडीवर घेतला, तशी सून पुढे झाली, सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओरडलीच, "नापास करा हिला, सायेब, पन तुमी येनं सोडू नका!"